सोयाबीन हिरवे झाले, ते टॉनिकमुळेच का?

प्रश्न : जुलैच्या झडीनंतर सोयाबीन पिवळे पडले. दुकानदाराच्या सांगण्यावरून टॉनिक आणि 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश असलेले विद्राव्य खत) एकाच पंपात मिसळून फवारले. आठ-दहा दिवसांत पीक हिरवेगार झाले. पुढच्या वर्षीही हेच टॉनिक घ्यावे का?

उत्तर : लगेच नको. फवारणीनंतर पीक सावरले हे खरे, पण त्याच दिवसांत शेतात आणखीही काही घडत होते.

पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, मुळांवरच्या गाठींचे हवेतला नत्र पिकाला मिळवून देण्याचे काम मंदावते आणि पाने पिवळी पडतात. वाफसा आला, म्हणजे जादा पाणी निघून मातीत हवा खेळू लागली, की मुळे पुन्हा कामाला लागतात व पीक बहुधा आपोआप सावरते. फवारणीही आपण पाऊस उघडल्यावरच करतो. त्यामुळे वाफसा आणि टॉनिक दरवेळी जोडीनेच येतात, आणि श्रेय बाटलीला जाते. दुसरा दावेदार तर पंपातच होता. 19:19:19 एक टक्का, म्हणजे 15 लिटरला 150 ग्रॅम, मारले असेल तर पानांना थेट नत्र मिळाले.

यांतले खरे कारण कोणते? प्रत्येक कारण खरे असेल तर शेतात आणखी काय दिसायला हवे, ते बघा. वाफशाने काम केले असेल तर फवारा न पोहोचलेले धुऱ्याकडचे (बांधाकडचे) तास, म्हणजे पिकाच्या ओळी, आणि शेजाऱ्याचे बिनफवारणीचे सोयाबीनही त्याच सुमारास हिरवे झाले असेल. शेजारी फिरून विचारायला पैसे पडत नाहीत, तरी ही चौकशी सहसा कोणी करत नाही. पिवळेपणाची तऱ्हाही आठवा. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर नत्राची कमतरता समजावी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमी दिसते. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असता तर ती झाडे सावरलीच नसती, त्यामुळे तो इथे बाद.

पुढच्या हंगामात बाटली एकच घ्या आणि चाचणी करा. 45 सेंमी अंतरावरच्या सहा-सहा तासांचे, 10 मीटर लांबीचे नऊ पट्टे आखा. तीन पट्ट्यांवर पूर्ण मिश्रण, तिनांवर टॉनिक वगळून तेच मिश्रण, तिनांवर नुसते पाणी. कुठल्या पट्ट्याला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपण ठरवायला गेलो की पाणथळ कोपरा नकळत नुसत्या पाण्याच्या वाट्याला जातो. पहिली फवारणी पाण्याची, मग टॉनिकविना मिश्रणाची आणि शेवटी टॉनिकची करा, म्हणजे पंपातला उरलेला अंश पुढच्या पट्ट्यात जाणार नाही. वाऱ्यात फवारू नका.

काढणीला कडेचे तास सोडून मधल्या चार तासांचे 5-5 मीटर कापा. हे क्षेत्र 9 चौरस मीटर होते. मळून, सगळे सारखे वाळवून वजन करा. किलोला साडेचारने गुणले की एकरी क्विंटल मिळतात, 2.2 किलो निघाले तर 9.9 क्विंटल. पाण्याच्या तीन पट्ट्यांमध्येच आपापसात क्विंटलभर फरक असेल, तर टॉनिकने दाखवलेल्या अर्ध्या क्विंटलला काही अर्थ नाही. हिरवेपणावरही भाळू नका. दुकानातून माल पानांवर विकला जातो, तुमचे पैसे दाण्याचे होतात.

प्रश्न : गेल्या वर्षी एकरी 5 क्विंटल झाले, यंदा टॉनिक वापरून 8. हा फरक पुरेसा नाही का?

उत्तर : नाही. शेंगा भरताना पावसाचा खंड पडला की उतारा (एकरी उत्पादन) चांगलाच घटतो. गेल्या वर्षी तसे झाले असेल, तर यंदा काहीही न फवारता उतारा वाढलाच असता. वाईट वर्षानंतरच माणूस नवे औषध शोधतो, म्हणून अशा औषधांना यश लवकर मिळते. टॉनिक न वापरलेल्या, त्याच वाणाच्या आणि त्याच आठवड्यात पेरलेल्या दोन-तीन शेजाऱ्यांचे दोन्ही वर्षांचे आकडे मिळवा. त्यांचेही 5 चे 8 झाले असतील तर टॉनिकच्या वाट्याला काहीच उरत नाही. त्यांचे 5 चे 6 झाले असतील, तर उरलेल्या दोन क्विंटलसाठी वर सांगितलेली चाचणी करण्यासारखी आहे.