वाचकांचे प्रश्न : मंडळाची खोली, वस्तीतली मुलं आणि त्यांची घरं

भांडुपच्या टेकडीवरच्या एका मंडळाचे कार्यकर्ते लिहितात : आमच्याकडे दहा बाय पंधराची खोली आहे. जूनमध्ये तिथे आठवी ते बारावीच्या मुलांसाठी अभ्यासिका काढली. सुरुवातीला चाळीस मुलं यायची, दिवाळीनंतर सहाच राहिली. पालकांनाही फारसं पडलेलं दिसत नाही. काय करावं?

सहा राहिली याचं नवल नाही, चाळीस मावली कशी याचं आहे. दीडशे चौरस फुटांतून कपाट, चपला आणि दारापाशी ये-जा करायची जागा वजा करा. वही मांडून मांडी घालून बसायचं तर पंधरा-सोळा मुलांच्या पुढे जाऊ नका. दोन तुकड्या करा आणि त्या वयाप्रमाणे करा : तेरा ते पंधरा एक, सोळा ते अठरा दुसरी. आठवीतला आणि बारावीतला एकत्र बसवला की मोठे फोनवर आणि छोटे त्यांचा चहा आणायला, असं होतंच.

गळती नेमकी दिवाळीनंतर दिसली, पण तिची सुरुवात गणपतीतच झाली असणार. मखराचं सामान बाहेर निघालं की खोली बंद, कार्यकर्ते वर्गणीत, मग नवरात्र, मग सुट्टी. सवय एकदा तुटली की मूल आपण होऊन परत येत नाही. त्या दिवसांसाठी बालवाडीची खोली किंवा समाजमंदिर आधीच, म्हणजे जुलैतच मागून ठेवा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीनच दिवस ठेवा, पण ते तीन दिवस पाऊस पडो, मॅच असो, दार उघडलं पाहिजे.

वेळ ठरवण्याआधी गल्लीत पाणी किती वाजता येतं ते बघा. पाण्याच्या वेळी अभ्यासिका ठेवली की मुली गळाल्याच. प्रत्येक तुकडीला दोन मोठी माणसं हवीत : एक अभ्यासाकडे, एक दार आणि हजेरीकडे. शिवाय तिसरं राखीव, कारण सगळं एकट्या दादावर असलं की त्याला नोकरी लागते त्या दिवशी अभ्यासिका संपते. सोळा मुलांना मिळून अर्धा किलो फुटाणे आणि थोडे कुरमुरे पुरतात. ते मध्यंतरात द्या. सुरुवातीलाच दिले तर खाऊन पळणारी असतात.

हजेरीच्या वहीत ‘खाड्याचं कारण’ असा एक रकाना ठेवा. सलग दोन खाडे झाले की तिसऱ्या दिवशी घरी जा. ‘बरं नव्हतं’ हे उत्तर तसंच लिहा, पण पुढच्या वेळी पुन्हा विचारा. फी थकली, चष्मा तुटला, घर बदललं, दादाबरोबर कामावर जातो : खरी कारणं बहुधा दुसऱ्या खेपेला कळतात.

आता पालकांचं. त्यांना पडलेलं नसतं असं नाही. मंडळाचा माणूस दारात आला म्हणजे वर्गणी किंवा तक्रार, एवढंच त्यांना माहीत असतं. म्हणून पहिली भेट तक्रारीची नको. दोघांनी जा, त्यातली एक बाई असू द्या. पंधरा मिनिटं बसा आणि मुलाची एक नेमकी चांगली गोष्ट सांगा : ‘हुशार आहे’ असं मोघम नको, ‘काल चौथीच्या पोरीला भागाकार समजावला’ असं. शेजारीण दारात उभी असताना गुण किंवा भांडणं काढू नका. वडील सहसा रविवारीच सापडतात. पालकसभा घ्यायचीच तर पाऊण तासाची, आणि भाषण कोणाचंही नको.

एका आईचा प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा. दहावीत गणित आणि इंग्रजी राहिले. आता मित्राच्या गाडीवर आणि त्याच्याच ओळखपत्रावर पार्सल पोचवतो. सतरा नंबरचा फॉर्म भरू का?

ताई, सतरा नंबरचा अर्ज शाळा सोडून खाजगीरीत्या बसणाऱ्यांसाठी आहे. शाळेतून परीक्षा देऊन विषय राहिलेत, तर पुरवणी परीक्षेचा अर्ज त्याच शाळेतून भरायचा. निकालानंतर मुदत थोडेच दिवस असते, म्हणून निकालाच्याच आठवड्यात शाळेत जा. दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय मागाहून सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळू शकतो, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. हाताच्या कामात रस असेल तर आयटीआयच्या वायरमन, वेल्डर यांसारख्या काही ट्रेडना दहावी नापास मुलंही घेतात.

गाडीचं मात्र आजच थांबवा. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठराच्या आत मिळत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. हे धाकानं नको, हिशेबानं सांगा. आणि तो घरात आणतो ते पैसे कुठे जातात ते आधी स्वतःशी मांडा : भाड्याला लागत असतील तर नुसतं ‘सोड’ म्हणून सुटत नाही, अठराच्या आत चालणारं बिनधोक्याचं अर्धवेळ काम शोधून द्यावं लागेल.

गोवंडीहून एक ताई विचारतात : गटातली एक मुलगी ‘कोणाला सांगू नका’ म्हणाली आणि नात्यातल्या माणसाबद्दल काही बोलली. मी काय करू?

‘सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. तिला म्हणा, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, आणि तुला मदत मिळावी म्हणून मला हे योग्य माणसांना सांगावं लागेल.’ खोदून विचारू नका. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की मूल गप्प होतं. ती बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहून ठेवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार असं कळलं की पोलिसांना कळवणं कोणावरही बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. 1098 ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन रात्रंदिवस चालते. तिथूनही सुरुवात करता येते. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हवा तिथे, गणवेशात नसलेल्या पोलिसांनी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं. घरच धोक्याचं असेल तर ‘घरी नको’ हे पहिल्याच फोनवर सांगा. मंडळाच्या बैठकीत, व्हॉट्सअॅपवर किंवा ‘आपसांत मिटवू’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढे हा विषय नेऊ नका.

विक्रोळीहून थोडक्यात : अभ्यासिकेसाठी वेगळी संस्था नोंदवायची का?

पहिल्या वर्षी नको. मंडळ नोंदलेलं असेल तर घटनेच्या उद्देशांत शिक्षण आहे का ते बघा. नसेल तर ठराव करून बदल नोंदवा. उत्सवापुरती घेतलेली वर्गणीची परवानगी अभ्यासिकेच्या देणग्यांना चालत नाही. वेगळी संस्था काढायचीच झाली तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि पुढे दरवर्षी हिशेबतपासणी करून घ्यावी लागते. मुंबईचं धर्मादाय आयुक्त कार्यालय वरळीला आहे. जाताना घटनेची प्रत आणि कार्यकारिणीच्या निवडीचा ठराव बरोबर ठेवा.