पंचवीस की बावन्न?

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. पंचवीस सांगितलं की 52 लिहितो. मी ओरडते, मग तो वहीच मिटतो. काय करू? – एक आई, गुहागर

उत्तर : ताई, ओरडू नका. त्याचा कान अगदी बरोबर आहे! पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतात, तो तसंच लिहितो. म्हणूनच 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन आणलं. मला ते पटलं होतं. माझ्या लेकीचंही हेच व्हायचं. खळ्यातल्या सोललेल्या सुपाऱ्या घेऊन बसलो. दोन करवंट्यांत दहा-दहा, पाच सुट्या जमिनीवर. ‘आधी करवंट्या मोज,’ एवढंच म्हणायचे. तिसऱ्या संध्याकाळी तिने न विचारता पाटीवर 25 लिहिलं आणि पाटी थेट आजीच्या मांडीवर नेऊन ठेवली.