भजनात पेटी वाजवतो. मोबाइलवर चाली बांधायला कोणता छोटा मिडी कीबोर्ड घ्यावा?

तुम्ही कणकवलीकडच्या मंडळात पेटीवर बसता, फोन अँड्रॉइडचा आहे आणि डबलबारीसाठी (दोन बुवांच्या भजनी सामन्यासाठी) नव्या चाली घरीच फोनवर बांधून बघायच्या आहेत, असे लिहिले आहे. मी वेंगुर्ल्याचा, मीही पेटीवरूनच या कीबोर्डांकडे वळलो. म्हणून पेटीच्या हाताला काय अडते ते आधी सांगतो.

पेटीवर पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाजाचा चढउतार भात्यावर. मिडी कीबोर्डला भाताच नाही, आणि स्वतःचा आवाजही नाही. कोणती पट्टी, किती जोरात, एवढेच तो फोनला कळवतो, आवाज ॲपचा. पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिल्यानंतर दुसरा किती लवकर जुळला यावरून जोर ठरतो आणि १ ते १२७ मधला एक आकडा फोनकडे जातो. आपली बोटे हलकी आणि या हिशेबाला न सरावलेली, त्यामुळे एक सूर मोठा तर पुढचा ऐकूच येत नाही. बरेच जण इथेच कंटाळून कीबोर्ड कपाटात टाकतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण उपाय अगदी सोपा आहे. कीबोर्डच्या किंवा ॲपच्या सेटिंगमध्ये व्हेलॉसिटी, म्हणजे हा जोराचा आकडा, फिक्स करा आणि डाव्या हाताला त्याचे भात्याचे काम परत द्या. कीबोर्डच्या डाव्या बाजूचे मॉड्युलेशनचे चाक ॲपमध्ये एक्स्प्रेशनला, म्हणजे आवाजाचा चढउतार सांगणाऱ्या मिडी कंट्रोलर ११ ला, जोडायचे. मग गजराची ओळ उचलताना चाक वर सरकवले की आवाज फुगतो, खाली घेतले की बसतो. त्यासाठी चाकच हवे. काही कीबोर्डांवर चाकाऐवजी असणारी जॉयस्टिक सोडली की मध्यावर परत येते, तिच्यावर भाता धरता येत नाही.

म्हणून माझे मत कॉर्ग मायक्रोकीच्या ३७ पट्ट्यांच्या मॉडेलला. पूर्ण तीन सप्तके आणि दोन चाके. अकाई एमपीके मिनी किंवा आर्टुरिया मिनीलॅब जास्त दिसतात. त्यांवर ठोके वाजवायला पॅड आहेत, पण नेहमीच्या मॉडेलना पट्ट्या २५. तार सप्तकात जायला मध्येच ऑक्टेव्हचे बटण दाबावे लागते आणि तान तुटते. तुम्हाला ठेकाही स्वतःच बसवायचा असेल तरच ते घ्या. पट्ट्या या सगळ्यांच्याच अरुंद आहेत, चार दिवस बोटे शेजारच्या सुरावर पडतील. बुवा काळी चारमध्ये गाणार आणि तुमचा हात पांढरी एकवर बसलेला असेल तर ट्रान्स्पोज, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवायची सोय, आहेच.

आता जोडणी. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, मिडीची सोय फोनमध्येच आहे. ओटीजी अडॉप्टर, म्हणजे फोनला यूएसबीची वस्तू जोडायचा छोटा जोड, लावला की झाले. मात्र काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावे लागते आणि दहा मिनिटे काही जोडलेले नसेल तर ते आपोआप बंद होते. कीबोर्ड बिघडला असे वाटण्याआधी तिथे बघा. कीबोर्डला वीजही फोनच देतो. पावसात लाइट गेली की हे जाणवते, तेव्हा चार्जिंगचे तोंड असलेला ओटीजी हब घेतलेला बरा. मायक्रोकीचे एअर मॉडेल दोन पेन्सिल सेलवर ब्लूटूथने चालते, पण तुमचे ॲप ब्लूटूथ मिडी घेते का ते आधी तपासा.

इअरफोन वायरचेच लावा. ब्लूटूथ इअरफोनवर सूर इतका उशिरा येतो की लय धरताच येत नाही. फोनला इअरफोनचे वेगळे छिद्र नसेल तर हबमध्ये तेही बघून घ्या. ॲप म्हणून एफएल स्टुडिओ मोबाइल विकत घ्या. एकदा उतरवले की रेंज नसली तरी काम थांबत नाही.

आणि आपली खारी हवा. संपर्कांवर ओल-धूळ बसली की एखादी पट्टी मुकी होते किंवा हलके दाबूनही पूर्ण जोरात ओरडते. वाजवून झाले की सिलिका जेलच्या पुड्या टाकून झिपच्या पिशवीत ठेवा, अडॉप्टरही त्यातच. जुना घेणार असाल तर व्हेलॉसिटी फिक्स न करता एकेक पट्टी हळू आणि जोरात दाबून ऐका, मगच पैसे द्या.