‘पुनरीक्षण’ म्हणजे नेमकं काय पुन्हा बघायचं?

प्रश्न असा आहे: कूळकायद्याच्या प्रकरणात वडिलांचा पुनरीक्षण अर्ज महसूल न्यायाधिकरणाने फेटाळला. आदेशात लिहिलंय, पुनरीक्षणात पुराव्याचं फेरमूल्यमापन करता येत नाही. पुनरीक्षण म्हणजे पुन्हा बघणं ना? मग पुरावाच का बघायचा नाही?

शब्दापुरतं बोलायचं तर शंका रास्त आहे. पुनर् आणि ईक्षण मिळून पुनरीक्षण. म्हणून ‘री’ दीर्घ, परीक्षण-निरीक्षणासारखाच. अर्जांवर सर्रास दिसणारं ‘पुनरिक्षण’ चूक. पुनर्विलोकनाचाही अर्थ पुन्हा पाहणं हाच. व्युत्पत्तीने दोघांत तसूभर फरक नाही, फरक कायद्याने केलाय. खालच्या अधिकाऱ्याचा आदेश वरच्याने तपासला तर पुनरीक्षण. ज्याने आदेश दिला त्यानेच, किंवा त्याच्या जागी आलेल्याने, तोच आदेश पुन्हा पाहिला तर पुनर्विलोकन. बोलताना दोन्हींना ‘फेरतपासणी’ म्हटलं जातं. मला हा शब्द घातक वाटतो, कारण तो ऐकून माणसाला वाटतं की सगळं प्रकरण पहिल्यापासून उघडणार.

तसं उघडतं ते अपिलात. समजा, तहसीलदारांनी ‘अर्जदार कूळ नाही’ असं ठरवलं. कूळकायद्याच्या कलम ७४ खालच्या अपिलात खंडाच्या, म्हणजे मालकाला दिलेल्या जमिनीच्या भाड्याच्या, पावत्या पुन्हा हातात घेता येतात. पावतीवरचा अंगठा कोणाचा, सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत कोणत्या वर्षी कोणाचं नाव, शेजारच्या शेतकऱ्याची साक्ष उलटतपासात टिकली का, हे सगळं अपील ऐकणारा अधिकारी नव्याने जोखू शकतो आणि उलटा निष्कर्षही काढू शकतो.

त्यापुढची पायरी १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ७६. (हा कायदा पश्चिम व उत्तर महाराष्ट्र आणि कोकणातला, विदर्भ-मराठवाड्याचे कूळकायदे वेगळे.) इथे न्यायाधिकरणापुढे कारणं तीनच: आदेश कायद्याच्या विरुद्ध आहे, कायद्याचा एखादा महत्त्वाचा मुद्दा ठरवायचाच राहिला, किंवा कार्यपद्धतीत असा मोठा दोष राहिला की त्यामुळे न्याय झाला नाही. ‘साक्षीदार खरा बोलत होता’ हे यातल्या कशातच बसत नाही. पण ‘पावत्या दप्तरात होत्या आणि निकालात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही’ हे बसू शकतं. पहिल्या वाक्यात पुरावा पुन्हा तोलायला सांगितलंय, दुसऱ्यात तो तोललाच गेला नाही असं म्हटलंय. कित्येक अर्ज या दोन वाक्यांतला फरक न कळल्यामुळे पडतात, आणि माणूस वर्षानुवर्षं तारखांना हेलपाटे घालतो, याचं मला फार वाईट वाटतं.

याच संदर्भात ‘विपर्यस्त’ हा शब्द भेटतो. वकील ‘पर्व्हर्स’च म्हणतात. निकाल आपल्याविरुद्ध गेला म्हणून तो विपर्यस्त होत नाही. समोरच्या पुराव्यावरून कोणताही समंजस माणूस त्या निष्कर्षाला पोचलाच नसता, तेव्हा तो विपर्यस्त. असा निष्कर्ष निव्वळ वस्तुस्थितीची चूक मानला जात नाही, कायद्याची मानला जातो, आणि म्हणून पुनरीक्षणात त्याला हात घालता येतो.

गोंधळात भर म्हणजे ‘पुनरीक्षण’ सगळीकडे एवढंच अरुंद नसतं. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २५७ मध्येही शब्द हाच, पण तिथे आदेश कायदेशीर आहे का याबरोबर तो उचित आहे का, हेही पाहता येतं. कलम ७६ मध्ये औचित्य नाही. फेरफार नोंदीच्या वादात समजा एखाद्या काकांना जे चाललं, ते तुमच्या वडिलांच्या कुळाच्या वादात का चाललं नाही, याचं कारण बहुतेकदा हेच असतं. शब्द पाहून व्याप्ती ठरवू नये, कलम काढून वाचावं.

यापुढे उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली जाता येतं. त्या अधिकाराला अधीक्षण म्हणतात. पुन्हा तेच ‘ईक्षण’, पण वरून ठेवलेली देखरेख: खालच्यांनी आपली हद्द सांभाळली का, एवढंच. तेव्हा आता वडिलांच्या कागदात एकच शोधा: अपिलाच्या निकालात कोणता कागद अनुल्लेखित राहिला, आणि तो मुद्दा पुनरीक्षण अर्जात लेखी घेतला होता का. घेतला असूनही न्यायाधिकरणाने त्यावर एक अक्षर लिहिलं नसेल, तर वकिलांना दाखवायचं पान तेच.