क्लोन सैनिकांना आखाजी नव्हती

प्रश्न : मी घरची केळी बघतो. आमच्या ग्रुपात वाद पेटलाय की स्टार वॉर्समधले जेडाय, म्हणजे ते साधूसारखे योद्धे, क्लोन फौजेचे जनरल झाले ते चूक की बरोबर. मी म्हणतो ते सैनिकांशी चांगलंच वागायचे, मग गुलामी कशी? आणि मलिक अंबर पण गुलामच होता ना, पुढे निजामशाही त्यानेच चालवली.
— एक वाचक, सावदा

उत्तर : भाऊ, तुम्ही केळीवाले म्हणून केळीतूनच सांगतो. टिश्यूकल्चरची रोपं कशी, सगळी एकसारखी, निसवण (घड बाहेर पडणं) पण मागंपुढं एकाच टायमाला, तशी कामिनो ग्रहावर एकट्या जँगो फेट नावाच्या भाडोत्री लढवय्यापासून हुबेहूब त्याच्यासारखी माणसं, म्हणजे क्लोन, काढली, दुप्पट वेगाने वाढवली, दहा वर्षांत बंदूक धरायला तयार, वर हुकूम मोडू नये म्हणून जनुकांतच फेरफार. जँगोने मोबदल्यात स्वतःसाठी मात्र एक बिनफेरफाराचा पोरगा मागून घेतला, बोबा. म्हणजे त्याला बरोबर कळत होतं काय चाललंय ते.

आता चांगलं वागण्याचं. आमच्या आजोबांकडे सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) होता, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल संपायचं, हिशोब व्हायचा, आणि पटलं नाही तर तो दुसऱ्याकडे जायचा. एका वर्षी गेला पण, आजोबा महिनाभर फुगून बसले. (उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली नसली की जाणं अवघडच व्हायचं, त्यामुळे सालदारकी फार गोड होती असं मी म्हणत नाही.) क्लोनला आखाजीच नव्हती. जनरल मायाळू का खडूस हे नंतरचं झालं, आधी ‘मी नाही येत’ म्हणायची सोय पाहिजे.

मलिक अंबर मालक वारल्यावर सुटला आणि मग त्याने फौज जमवली. तो वर चढला म्हणून त्याला बाजारात विकलं ते बरोबर होतं असं थोडीच होतं?

जेडायच्या बाजूने एक सांगतो, जिओनोसिस ग्रहावर त्यांचा म्होरक्या योडा ती फौज घेऊन पोचला नसता तर बाकीचे जेडाय तिथंच मेले असते, तो एक दिवस मी माफ करतो. पण पुढची तीन वर्षं? ‘आपण नाही तर दुसरा कोणी कसाई जनरल होईल’ हे मला थोडं पटतं पण, खोटं कशाला बोलू, फक्त असं म्हणणाऱ्याने सिनेटमध्ये (तिथल्या संसदेत) जाऊन ज्याला लढायचं नाही त्याला सोडा म्हणून भांडायला तरी पाहिजे ना! सिनेमात मला तरी तसं कोणी भांडताना दिसलं नाही.

‘द क्लोन वॉर्स’ या कार्टून सिरीजच्या दुसऱ्या सीझनला एक एपिसोड आहे. कट नावाचा क्लोन पळून जाऊन शेती करतोय, बायको, दोन पोरं. जखमी कॅप्टन रेक्सला, तोही क्लोनच, त्याच्याच खळ्यावर आणतात, आणि रात्री जेवायला दोघं एकाच टेबलावर, चेहरा तोच, आवाज तोच, फक्त एकाने लढाई सोडलेली. रेक्स त्याची तक्रार करत नाही, पण स्वतः मात्र परत ड्यूटीवर जातो. ग्रुपवाल्यांना आधी तो एपिसोड दाखवा आणि मग विचारा, रेक्स परत का गेला.