आफ्टर इफेक्ट्समध्ये ऑर्थोग्राफिक कॅमेरा कसा मिळवायचा?

आफ्टर इफेक्ट्स या मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी डब्यांचा सीन केलाय; फ्रंट, टॉप, लेफ्ट या व्ह्यूंमध्ये डबे अगदी समांतर दिसतात, पण रेंडर (अंतिम व्हिडिओ) काढला की मागचे लहान होतात; मग लांबचंही तेवढंच मोठं दाखवणारा, म्हणजे ऑर्थोग्राफिक, कॅमेरा कसा मिळवायचा, असं तुम्ही विचारलंय. सेटिंग कुठे चुकलंय हे शोधत बसू नका, काहीच चुकलेलं नाही. ते आणि त्यांच्यासारखे बाकीचे, असे सहा व्ह्यू फक्त काम करताना बघण्यासाठी आहेत. रेंडर नेहमी अ‍ॅक्टिव्ह कॅमेऱ्यातूनच निघतो. तुम्ही कॅमेरा लावलाच नसेल तरी सॉफ्टवेअर स्वतःचा एक न दिसणारा कॅमेरा धरून चालतं, आणि तोही पर्स्पेक्टिव्हचाच, म्हणजे लांबचं लहान दाखवणारा. आफ्टर इफेक्ट्सच्या कॅमेऱ्यात वन-नोड आणि टू-नोड एवढेच दोन प्रकार आहेत, ऑर्थोग्राफिक नावाचा पर्यायच नाही. इतक्या वर्षांत तो का दिला नाही, कुणास ठाऊक.

म्हणून कॅमेरा खूप लांब न्यायचा आणि झूम तितकाच वाढवायचा. झूम हा आकडा पिक्सेलमध्ये असतो आणि कॅमेऱ्यापासून बरोबर तेवढ्या अंतरावरची लेयर १०० टक्के आकाराची दिसते. त्यामुळे अंतर आणि झूम सारखे ठेवले की मधली लेयर जागची हलत नाही, फक्त पर्स्पेक्टिव्ह विरत जातं. १९२० पिक्सेल रुंदीच्या कॉम्पमध्ये (कॉम्पोझिशन, म्हणजे सीनची चौकट) ५० मिमीच्या प्रीसेटचा झूम साधारण २६६७ असतो. त्यात ५०० पिक्सेल मागे असलेला डबा जवळपास १६ टक्के लहान दिसतो. अंतर आणि झूम दोन्ही ५०,००० केले तर तोच डबा फक्त १ टक्का लहान दिसतो. फोकल लेंग्थ तेव्हा ९३७.५ मिमी दाखवेल, दाखवू दे. पण डब्यांची रांग ५००० पिक्सेल खोल असेल तर एवढ्याने भागणार नाही, शेवटचा डबा ९ टक्के लहान दिसेल. तिथे अंतर आणखी वाढवा.

आता मांडणी. कॉम्पच्या मध्यावर एक थ्रीडी नल (रेंडरमध्ये न दिसणारी, फक्त इतरांना हलवायला वापरायची लेयर) ठेवा. दुसरा थ्रीडी नल त्याला पेरेंट करून, म्हणजे पहिला हलला की हाही हलेल असा जोडून, त्याची पोझिशन ०, ०, ० करा. या दुसऱ्या नलला वन-नोड कॅमेरा पेरेंट करा आणि त्याची पोझिशन ०, ०, उणे ५०,००० द्या. कॅमेऱ्याची स्वतःची रोटेशनं शून्यच ठेवा. झूमवर एक्स्प्रेशन (किंमत ठरवणारं छोटं सूत्र) लावून पिक-व्हिप, म्हणजे एक किंमत दुसरीला जोडणारी दोरी, पोझिशनच्या झेडवर ओढा आणि पुढे वजाचं चिन्ह टाका, म्हणजे अंतर बदललं की झूम आपोआप बदलेल.

आयसोमेट्रिक, म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्याच प्रमाणात दिसतील असं तिरकं दृश्य, हवं असेल तर बाहेरच्या नलचं वाय रोटेशन ४५ आणि आतल्याचं एक्स रोटेशन उणे ३५.२६. (कॅमेरा खालून बघायला लागला तर चिन्ह उलटं करा.) वळवणं आणि झुकवणं दोन वेगळ्या नलवरच ठेवा. दोन्ही एकावर टाकलं तर डब्यांच्या उभ्या कडा तिरक्या होण्याची शक्यता असते. जुन्या गेम्ससारखा, दोन पिक्सेल आडवं आणि एक उभं असा उतार हवा असेल तर ३५.२६ ऐवजी ३० घ्या. त्यालाही सगळे आयसोमेट्रिकच म्हणतात, खरं तर ते डायमेट्रिक आहे, म्हणजे तीनपैकी दोनच दिशांचं प्रमाण सारखं.

बहुतेक जण अडकतात ते यापुढे. इलस्ट्रेटरमध्ये ८६.६ टक्के स्केल, ३० अंश शिअर (तिरकं ढकलणं), ३० अंश रोटेट करून बनवलेलं आर्टवर्क या सीनमध्ये आणलं की ते आफ्टर इफेक्ट्सच्या डब्यांपेक्षा मोठं दिसतं. डिप्लोमाला ड्रॉइंगची शीट काढली असेल तर कारण लगेच कळेल. आयसोमेट्रिक व्ह्यूमध्ये खरी मापं घेतात, आयसोमेट्रिक प्रोजेक्शनमध्ये आयसोमेट्रिक स्केलने, म्हणजे ०.८१६ पट. इलस्ट्रेटरची पद्धत पहिली, कॅमेऱ्याची दुसरी. उपाय सोपा आहे: झूमच्या एक्स्प्रेशनला १.२२४७ ने गुणा, दोन्ही जुळतील.

याच गुणकाला स्लायडर जोडला की जवळ-लांब जाण्याचा परिणामही मिळतो. कॅमेरा पुढे-मागे सरकवून इथे काही होणार नाही, कारण झूम अंतराला बांधलेला आहे. पॅन केल्यावर पॅरालॅक्सही, म्हणजे जवळचं जास्त आणि लांबचं कमी सरकणं, दिसणार नाही. हालचाल हवी असेल तर बाहेरचा नल ४५ वरून १३५ पर्यंत फिरवा, या शैलीत तेच सर्वांत खुलतं. डेप्थ ऑफ फील्ड बंद ठेवा. सावल्या पाडणार असाल तर पॉइंट लाइट नको, पॅरलल लाइट घ्या. सगळं समांतर आणि सावल्या मात्र पसरलेल्या, हे डोळ्याला लगेच खटकतं. झूम वाढवल्यावर व्हेक्टर लेयर फुटत असतील तर कंटिन्युअसली रास्टराइझचं बटण दाबा.

सीनमध्ये काहीच फिरणार नसेल, नुसते डबे वर-खाली होणार असतील, तर मी हा खटाटोप करत नाही. इलस्ट्रेटरमध्ये काढतो आणि टूडीतच हलवतो. उलट मॉडेल खरंच थ्रीडी असतील आणि भरपूर असतील तर आफ्टर इफेक्ट्सचा हट्ट सोडा. ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याचा टाइप ऑर्थोग्राफिक केला की काम झालं, आकार ऑर्थोग्राफिक स्केलने ठरतो. सिनेमा फोरडीमध्ये कॅमेऱ्याच्या प्रोजेक्शनमध्ये पॅरलल आणि आयसोमेट्रिक दोन्ही तयार मिळतात, आणि जे दिसतं तेच रेंडर होतं.