दरबारी रीतीचा ग्रंथ आणि त्यात हरकती घेणारा माणूस

प्रश्न : आम्ही काही निवृत्त मंडळी दर महिन्याला एक पुस्तक वाचून त्यावर चर्चा करतो. सध्या बाल्दास्सारे कास्तिल्योने यांचा ‘द बुक ऑफ द कोर्टियर’ हा इटालियन ग्रंथ इंग्रजी अनुवादातून वाचायला घेतला आहे. दरबारी माणूस उच्च कुळातला असावा, आपल्या कौशल्यामागचे कष्ट त्याने दिसू देऊ नयेत, असे सल्ले सुरुवातीलाच येतात. मिहानमधील एका कंपनीत नोकरी करणारी माझी मुलगी तर या ग्रंथाला ‘साहेबाला खूश ठेवण्याचे गाइड’ म्हणते. खुशामतीचा वास येणारे हे पुस्तक पुढे वाचावे का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : जरूर वाचावे, मात्र गाइड म्हणून वाचू नये. १५२८ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ म्हणजे इटलीतील उर्बीनोच्या राजवाड्यात मार्च १५०७ मध्ये चार रात्री रंगलेल्या चर्चेचे कल्पित कथन आहे. संधिवाताने जर्जर झालेले ड्यूक ग्विदोबाल्दो जेवणानंतर लवकर निजायला जात, त्यामुळे सभेचे यजमानपद डचेस एलिझाबेत्ता गोन्झागा यांच्याकडे येई आणि कोणी केव्हा बोलायचे हे त्यांच्या सखी एमिलिया पिया ठरवीत. एकाने आदर्श दरबारी माणसाचे वर्णन करायचे आणि ज्याला ते पटणार नाही त्याने तिथेच हरकत घ्यायची, असा त्या खेळाचा नियम होता. दासबोधातील उत्तमलक्षणांचा समास जसा ‘हे करू नये, ते करू नये’ असे थेट बजावतो, तसे या ग्रंथात कोणी बजावत नाही. त्यामुळे त्यातले एखादे वाक्य उचलून ‘लेखक असे म्हणतो’ असे ठरवणे अन्यायाचे होईल.

माझी सूचना अशी की, आपल्या मंडळाने गास्पारे पाल्लाविचिनो या विशीतल्या तरुणावर लक्ष ठेवून हा ग्रंथ वाचावा. पहिल्या रात्रीचे मुख्य वक्ते लुदोव्हिको दा कानोस्सा कुळाची अट घालतात तेव्हा सद्गुणाला कुळ लागत नाही, असे हाच ठणकावून सांगतो. आणि कानोस्सांनाही अखेर मान्य करावे लागते की, कुलीन माणसाविषयी लोकांचे मत आधीपासून अनुकूल असते, म्हणून ही अट उपयोगाची. हे उत्तर फारसे उदात्त नाही, पण प्रामाणिक आहे, आणि आडनाव विचारून माणूस जोखणाऱ्या आपल्या समाजात ते समजावून सांगावे लागू नये.

कष्ट लपवण्याच्या सल्ल्याचेही तसेच आहे. कानोस्सांचा रोख मुळात दिखाऊपणावर आहे. चवड्यांवर उभे राहून, मान ताठ ठेवून, जणू लाकडाचे बनलेले असावेत तसे नाचणाऱ्या एका गृहस्थाची ते थट्टा करतात, आणि रियाज अंगी इतका मुरावा की तो दिसूच नये, असे सुचवतात. इथवर कोणाची तक्रार नसावी. मात्र दुसऱ्या रात्री फेदेरिको फ्रेगोसो आपल्या जमेच्या बाजू पुढे करण्याच्या आणि उणिवा झाकण्याच्या युक्त्या सांगू लागतात, तेव्हा पाल्लाविचिनो स्पष्ट म्हणतो की, ही कला नव्हे, ही फसवणूक आहे. त्यावर फ्रेगोसो रत्नाला कोंदण देणाऱ्या सोनाराचा दाखला देतात. आपल्या कन्येची शंका अशी मूळ ग्रंथातच नोंदलेली आहे, आणि तिचे पूर्ण समाधान त्या सभेतही झाले नाही असे मला वाटते.

खरा गाभा चौथ्या रात्री येतो, आणि तिथपर्यंत वाचक सहसा पोहोचत नाहीत. ओत्ताव्हियानो फ्रेगोसो म्हणतात की, नृत्य, संगीत, विनोद हे सारे गुण स्वतःपुरते पोकळ आहेत; सत्ताधीशाची मर्जी संपादून, त्याचा राग न ओढवता त्याला खरे सांगता यावे, एवढ्यासाठीच ते कमवायचे. आजारी मुलाला कडू औषध देताना वैद्य पेल्याच्या काठाला गोड लावतो, तसे हे. डिसेंबरात विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांत, मंत्र्यांचा मुक्काम असलेल्या रविभवनाच्या आवारात डोकावलेल्या नागपूरकराला दरबार म्हणजे काय हे शिकवायला नको. पण तिथे जमलेल्यांपैकी किती जणांच्या पेल्यात औषध असते, हा प्रश्न ओत्ताव्हियानोंनीही विचारला असता. धनी दुष्टच निघाला तर काय करावे, याचे उत्तर आधी, दुसऱ्या रात्रीच मिळालेले असते : लाजिरवाणी आज्ञा पाळू नये आणि त्याची चाकरी सोडावी.

हे लिहिणारा माणूस स्वतः आयुष्यभर चाकरीतच होता. पोप सातवे क्लेमेंट यांचे प्रतिनिधी म्हणून कास्तिल्योने स्पेनमध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याच्या दरबारी असताना, १५२७ मध्ये त्याच सम्राटाच्या सैन्याने रोम लुटले, आणि आधी सावध केले नाही म्हणून पोपने त्यांनाच बोल लावला. ग्रंथ निघाल्याच्या पुढच्याच वर्षी तोलेदो येथे त्यांचा मृत्यू झाला. चौथ्या भागाचा आरंभ ते त्या सभेतल्या तीन मित्रांच्या अकाली मृत्यूच्या शोकाने करतात. त्यांपैकी एक पाल्लाविचिनो होय.

प्रश्न : याच पाल्लाविचिनोची स्त्रियांविषयीची विधाने वाचवत नाहीत. ती सोडून पुढे जावे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : सोडू नयेत, कारण त्यांचे खंडनही तिथेच आहे. तिसऱ्या रात्री जुलियानो दे मेदिची त्याला मुद्देसूद उत्तर देतात. आणि ते तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत शिरू लागताच, आम्हाला समजेल असे बोला, असे एमिलिया पिया त्यांना सुनावतात. कुळाच्या बाबतीत उदार असलेला तरुण या विषयात इतका कोता निघतो, ही मला या ग्रंथातील सर्वांत खरी वाटणारी गोष्ट आहे. एक उणीव मात्र राहतेच : स्त्रियांच्या बाजूने लांब युक्तिवाद करतात ते पुरुषच.

प्रश्न : कोणता इंग्रजी अनुवाद घ्यावा?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : थॉमस होबी यांचा १५६१ चा अनुवाद ऐतिहासिक महत्त्वाचा असला, तरी त्याची भाषा आज जड जाते. पेंग्विनने १९६७ मध्ये काढलेला जॉर्ज बुल यांचा अनुवाद घ्यावा, आणि वाटल्यास दुसऱ्या भागातील विनोदांचे लांबलचक प्रकरण भरभर चाळावे. त्यातले बरेच विनोद आता शिळे झाले आहेत.